‘कंटाळून’ या शब्दाआधीचे सहा महिने

पोस्ट लांब आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी निदान शेवटचा परिच्छेद वाचावा, तिथे एक फोन नंबर आहे.

आमच्या धंद्यात काही वाक्यं तयारच असतात. ‘कर्जबाजारीपणाला कंटाळून शेतकऱ्याने जीवनयात्रा संपवली.’ गाव आणि वय बदललं की बातमी झाली. पोलीस पाटलाच्या खबरीतून, ठाण्यातल्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीतून हे वाक्य येतं आणि तसंच छापून जातं. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत वीसेक वर्षं बातमीदारी करताना ते किती वेळा वाचलं, मोजलेलं नाही. पण त्यातल्या ‘कंटाळून’ या शब्दाशी माझं भांडण आहे. कंटाळा सिनेमाचा येतो, आठवडाभर गिलक्याचीच भाजी असली की येतो. माणूस स्वतःच्या जिवावर उठतो तो कंटाळा नसतो. त्याच्या आधी पाच-सहा महिने, कधी दोन-दोन वर्षं त्या घरात काहीतरी चालू असतं. आणि बहुतेक वेळा ते दवाखान्यात जाऊनही आलेलं असतं.

दहाव्यानंतर घरच्यांशी शांतपणे बोललं की तेच ते तपशील निघतात. झोप नव्हती. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसायचे. छाती दाबल्यासारखी वाटायची, ईसीजी काढला तर नॉर्मल. गॅसेस म्हणून गोळ्या चालू होत्या. मोटार बंद केली का हे बघायला रात्रीतून तीनदा मळ्यात जायचे. मग हळूहळू मळ्यातच जायचे बंद झाले. ताटातली भाकर तशीच राहायची. नातू मांडीवर आला तरी हात फिरवायचे नाहीत.

आता आपल्या अहिराणीत माणूस हे कसं सांगतो ते बघा. ‘जीव घाबरस.’ ‘माले काय व्हई रायनं तेच समजत नही.’ ‘मन लागत नही.’ पहिली दोन वाक्यं डॉक्टरी भाषेत चिंतेची आहेत, तिसरं नैराश्याचं. पण सांगणारा एकाच दमात सांगतो, कारण त्याच्यासाठी ते एकच आहे. यात अडाणीपणा काही नाही. जगभरच्या मोठ्या पाहण्यांत नैराश्य आलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी चिंतेचा विकारही असल्याचं दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘चिंता आणि नैराश्य मिश्र’ असा स्वतंत्र क्रमांकच आहे. आणि हे दोन्ही एकत्र असले की आजार लांबतो, बरं व्हायला वेळ लागतो, आणि जिवाचा धोकाही वाढतो. मला एका मानसोपचारतज्ज्ञाने साध्या भाषेत सांगितलं होतं: नुसतं नैराश्य माणसाला अंथरुणात पाडून ठेवतं, पण त्याला चिंतेची तगमग मिळाली की तो माणूस स्वस्थ पडूनही राहू शकत नाही.

शेतीत हे दोन्ही एकमेकांत कसं मिसळतं ते कापसाने मला सगळ्यात नीट दाखवलं. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, आठवतं ना? म्हणून पुढच्या हंगामात खान्देशात कोणीच माल बाहेर काढेना. पुढची खोली, मागची खोली, गच्चीवरचं शेड, सगळीकडे कापूस. बाजा ओट्यावर आल्या. पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली, चामडीच्या डॉक्टरांकडे रांगा लागल्या. घरात काडी पेटवायची भीती. आणि रोज सकाळी उठून मोबाइलवर भाव. भाव सात-आठ हजारांच्या घरात घुटमळत राहिला आणि उन्हाळ्यात आणखी उतरला.

धरणगावकडच्या माझ्या ओळखीतल्या एका जिभाऊंचं सांगतो. (गाव, भाऊबंद, सगळं मुद्दाम गाळलंय. त्यांना विचारूनच लिहितोय.) जानेवारीपासून त्यांचं धडधडणं सुरू झालं. भाव बघायचा, पोटात गोळा यायचा. व्यापारी दारात आला की घाम फुटायचा, विकावं तर उद्या वाढेल, न विकावं तर उद्या पडेल. आखाजी आली. लेकी माहेरी यायच्या म्हणजे साडीचोळी, पुरणपोळी, जावयाचा मान. हातात पैसा नाही, बाजूच्या खोलीत लाखाचा माल पडलेला. शेवटी आखाजीच्या तोंडावर मिळेल त्या भावाने सगळा कापूस काढला.

घरच्यांना वाटलं, सुटले एकदाचे. खोली मोकळी झाली, देणं थोडं फिटलं, आता काळजी कसली? तर तिथूनच दुसरं सुरू झालं. जिभाऊ बोलेनात. पारावर येईनात. मे महिन्यात वखरणी करायची तर वावराकडे पाठ. आणि धडधड गेली नव्हतीच, ती तशीच होती. पुढचं भय आणि मागचा पश्चात्ताप दोन्ही एकाच माणसाच्या उरावर येऊन बसले होते.

मग त्यांची वारी झाली. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावली, शक्तीचं इंजेक्शन दिलं. जळगावात हृदयाच्या मोठ्या दवाखान्यात ईसीजी, टूडी इको, रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या. दुसऱ्या ठिकाणी पोटाची दुर्बीण. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरातले म्हणतात, ‘तुम्हाले काहीच नही व्हयेल, मन घट्ट करा.’ म्हणजे आजारी माणसाला आता नाटक करतोय हा शिक्काही बसला. मध्ये एका भगताकडे लिंबू उतरवून झालं. सप्तशृंगीला नवस बोलून झाला. मेडिकलवाल्याकडून झोपेची अर्धी गोळी रोजची झाली, ती पुढे एक झाली. ही गोळी फार फसवी आहे हे लक्षात ठेवा. पहिल्या रात्री चमत्कार वाटतो, पण थोड्याच दिवसांत शरीराला तिची सवय लागते आणि खालचा आजार जागच्या जागी राहतो. वर ती डॉक्टरला न विचारता एकदम बंद केली तर त्रास उलट वाढतो. या सगळ्या फिरण्यात चाळीस-पन्नास हजार गेले, म्हणजे कापसाने जे दिलं होतं त्यातलं बरंचसं.

तोपर्यंत एकाही ठिकाणी कोणी त्यांना विचारलं नव्हतं की भाऊ, मनात काय येतं?

जावई शिकलेला होता, तो त्यांना सरकारी मेडिकलच्या ओपीडीत घेऊन गेला. केस पेपरचे थोडेसे रुपये. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला आणि जिभाऊ लहान पोरासारखे रडले. जावई मला म्हणाला, ‘दादा, मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं.’ गोळी सुरू झाली. आठ-दहा दिवसांत काही फरक नाही, उलट सुरुवातीला थोडं जास्तच घाबरं झालं, म्हणून त्यांनी ती फेकून द्यायचं ठरवलं होतं. इथेच आपली शेकडो माणसं सुटतात. या आजाराच्या गोळ्या तापाच्या गोळीसारख्या रात्रीतून काम करत नाहीत, त्यांना दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. हे एक वाक्य डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं नाही तर पेशंट परत येत नाही. बाईंनी सांगितलं होतं, जावयाने धरून ठेवलं. पाचव्या आठवड्यात जिभाऊ सकाळी सहापर्यंत झोपले.

ते पूर्ण बरे झाले असं मी लिहिणार नाही. कापूस कमी करून त्यांनी मका वाढवला. पारावर येतात, आणि सरकारला पूर्वीसारख्याच शिव्या देतात. शिव्या परत आल्या तेव्हा घरच्यांना हायसं वाटलं.

कापूसच कशाला, रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा. मे महिन्यात पश्चिमेला ढग दिसला की त्यांच्या पोटात कळ येते, कारण निसवलेली बाग अर्ध्या तासाच्या वादळात आडवी होते हे त्यांनी पाहिलेलं असतं. वादळ चुकलं तर कुकुंबर मोझॅक. ते चुकलं तर बऱ्हाणपूरचा भाव. शिंदखेड्याकडे उलटं, तिथे ढग दिसत नाही म्हणून जीव टांगलेला, आणि दुबार पेरणीची पाळी आली की घरातलं बोलणं बंद. ही भीती खोटी नाही हे आधी मान्य करायला हवं. ‘टेन्शन घेऊ नका’ असं ज्याच्या बागेवर वादळ फिरलंय त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि इथेच माझे चळवळीतले मित्र माझ्याशी वाद घालतात. म्हणतात, तुम्ही भावाच्या प्रश्नाला आजार म्हणायला लागलात की सरकार सुटलं. त्यांच्या म्हणण्यात दम आहे. आपल्याच शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांना कोणी मनोरुग्ण म्हटलं तर मी भांडेन. प्रकल्पात गेलेल्या जमिनीचा रास्त मोबदला मागत ऐंशीच्या पुढचा माणूस वर्षानुवर्षं खेटे घालतो आणि जानेवारी २०१८ मध्ये थेट मंत्रालयात टोकाचं पाऊल उचलतो, तो अन्यायाचा प्रश्न होता. त्यानंतर काही दिवसांतच, दुसऱ्या एका माणसाने वरून उडी घेतल्यावर, मंत्रालयात जाळी बसवली गेली. जाता जाता सांगतो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलम सरसकट राहिलेलं नाही, पण सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी कोणी असा प्रयत्न केला तर तो गुन्हा ठेवलाय. २२६ कलम. वाचून बघा.

पण मित्रांना माझं उत्तर असं की भाव मिळाला पाहिजे आणि जिभाऊंना झोपही लागली पाहिजे. भावासाठीचं आंदोलन दोन-पाच वर्षं चालतं, आजारी माणसाकडे तेवढा वेळ नसतो. चिखलात रुतलेल्या बैलाला आधी बाहेर काढतात, रस्त्याचं टेंडर नंतर.

आता कागदावर काय आहे ते बघू. गावात आशाताई घरोघर एक फॉर्म भरतात, तीस वर्षांवरच्यांसाठी. बीपी, शुगर, कॅन्सर, तंबाखू. त्याच्या शेवटी मनाचे दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही असं झालं का, आणि उदास, निराश वाटलं का. हे दोन प्रश्न आले ही चांगलीच गोष्ट. पण दोन्ही नैराश्याचे आहेत. धडधड, घाबरं होणं, सतत काहीतरी वाईट होईल असं वाटणं, याचा एकही प्रश्न त्यात नाही. आणि आपला माणूस तर त्याच दाराने येतो! त्याला ‘उदास वाटतं का’ विचारलं तर तो म्हणेल, नाही बुवा, मला गॅसेसचा त्रास आहे. शिवाय तीसच्या आतली पोरं या फॉर्ममध्येच नाहीत. भरतीच्या मैदानावर तिसऱ्यांदा नापास झालेला, घरी पाच एकर असूनही मुलगी मिळत नाही म्हणून लग्नसराईत गाव सोडून निघून जाणारा पोरगा, त्याला कोणी विचारायचं?

बायकांचं तर अजून अवघड. प्रश्न विचारले जातात ओट्यावर, सासू आणि जाऊ समोर बसलेली. अशा ठिकाणी कोणती सून म्हणेल की मला निराश वाटतं? ती म्हणते डोकं दुखतं, कंबर दुखते, हातापायाला मुंग्या येतात. एका आशाताईने मला तिची स्वतःची युक्ती सांगितली. श्रावणात कानबाईला सगळी भाऊबंदकी जमते, बायका गाणी म्हणतात, नाचतात. जी बाई दरवर्षी पुढे असायची आणि यंदा चुलीमागून बाहेर आली नाही, तिच्या घरी ही ताई दुसऱ्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून जाते. फॉर्मच्या दोन प्रश्नांपेक्षा मला हे जास्त पटलं. विद्यापीठाला आपण बहिणाबाईंचं नाव दिलंय, मनावरची त्यांची कविता पोरं शाळेत शिकतात. त्याच बहिणाबाईंच्या मुलखात बाईच्या मनाची चौकशी कानबाईच्या गर्दीतून करावी लागते.

सगळ्यात चीड येणारी गोष्ट मदतीच्या फाइलची आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की वारसाला एक लाख रुपये मिळतात, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. २००६ पासून रक्कम तीच. पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते. सातबारा आहे का, नापिकी होती का, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का. हे निकष बसले नाहीत, आजारपण किंवा घरगुती कारण निघालं, तर फाइल अपात्रमध्ये जाण्याची भीती. म्हणून घरच्यांनी काय करायला सुरुवात केलीय? मानसोपचाराची चिठ्ठी असली तर ती लपवायची किंवा जाळायची. एका घरात हे मी स्वतः ऐकलंय: ‘डॉक्टरचा कागद दाखवला तर म्हणतील वेडा होता, पैसे नाही भेटणार.’ म्हणजे ज्या माणसाने उपचार घ्यायचा प्रयत्न केला त्याच्याच बायकोला तो कागद नडतो. कर्जामुळे मन आजारी पडू शकतं हे समितीच्या निकषांत बसतच नाही. तिथे कारण एकच लागतं.

आणि खान्देश नेहमीप्रमाणे मधल्या मध्ये. राज्य सरकारने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प काढला तेव्हा त्यात १४ जिल्हे घेतले, मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा. त्यांना गरज होतीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण नाशिक विभागात शेतकरी आत्महत्यांचा आकडा बहुतेक वर्षी जळगावचा सगळ्यात वरचा असतो, आणि आम्ही ना विदर्भात ना मराठवाड्यात. देशभरची राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी २०१५-१६ मध्ये झाली, बारा राज्यांत. आपल्या एका बाजूचा मध्य प्रदेश त्यात आहे, दुसऱ्या बाजूचा गुजरात आहे, महाराष्ट्र नाही. त्या पाहणीत नैराश्याच्या शंभरातल्या ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत असं निघालं. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. उत्तर महाराष्ट्रात त्यातलं एकही नाही. मनोरुग्णालयाची गरज फार थोड्यांना असते हे खरं, पण नकाशा बघितला की आपण कुठे आहोत ते कळतं.

करता येत नाही असं मात्र कोणी सांगू नये. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी घरोघर जाऊन बोलायचं, गरज लागेल त्याला समुपदेशकाकडे आणि मग मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षाने सत्तावीस. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ मध्ये छापून आलंय ते. हे आपल्याच राज्यात, आपल्यासारख्याच कापूसवाल्या गावांत झालं.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांना आणि आमदारांना, जे ही पोस्ट वाचतात किंवा ज्यांची पोरं वाचतात, तीनच गोष्टी सांगायच्यात. चोपडा, रावेर, शिरपूर, दोंडाईचा अशा ठिकाणी आठवड्यातला एक ठरलेला दिवस मानसोपचारतज्ज्ञ बसू द्या, शिरपूरच्या माणसाने धुळ्याला पन्नास किलोमीटर जायचं म्हणजे त्याची मजुरी बुडते. आशाताईंच्या फॉर्ममध्ये भीतीचे दोन प्रश्न वाढवा आणि वयाची अट खाली आणा. आणि उपचाराचा कागद असला म्हणून एकही फाइल अपात्र होणार नाही, हे लेखी द्या. यातल्या तिसऱ्या गोष्टीला एक रुपयाही लागत नाही.

आता ज्यांच्या घरात हे आत्ता चालू आहे त्यांच्यासाठी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप उडालीय, धडधडतंय आणि कशात मन लागत नाही, असं तिन्ही दिसलं आणि रिपोर्ट नॉर्मल असले तर पुढचा रिपोर्ट काढण्याआधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्यात चक्करबर्डीचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय, दोन्हीकडे हा विभाग आहे. फवारणीची औषधं घरात ठेवू नका, मळ्यातल्या पेटीत कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. श्रीलंकेने सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या, त्यामुळे कुलपाला कमी समजू नका. ‘मरावंसं वाटतं का’ हे सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो. कोणी प्रयत्न केलाच तर केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला उशीर करू नका, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला शिक्षेपासून वाचवतो. आणि नंबर: टेलिमानस, १४४१६. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आपला माणूस स्वतःहून फोन करणार नाही. नंबर तुम्ही लावा, फोन त्याच्या हातात द्या आणि शेजारी बसून राहा.